शिराझचा रुग्ण आणि जस्ताचे कोडे

१९५८ साली इराणमधील शिराझ येथे एक रुग्ण डॉ. आनंद प्रसाद यांच्याकडे आला. वय २१ वर्षे, पण दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा. तारुण्याची लक्षणे नाहीत, कातडी खरखरीत, यकृत व प्लीहा वाढलेली आणि तीव्र रक्तक्षय. आहार म्हणजे जवळजवळ फक्त न आंबवलेली गव्हाची रोटी. शिवाय तो माती खाई. प्रसाद मूळचे बिहारमधील बक्सरचे. त्यांना लवकरच असे आणखी दहा रुग्ण आढळले.

लोहाच्या अभावाने रक्तक्षयाचा उलगडा होत होता, खुंटलेल्या वाढीचा नव्हे. जस्ताविना काळी बुरशी नीट वाढत नाही, हे रोलँ यांनी १८६९ मध्ये दाखवले होते. उंदरांनाही ते लागते, हे १९३४ मध्ये सिद्ध झाले होते. पण जस्त बहुतेक अन्नात असते, तेव्हा माणसाला ते कमी पडेलच कसे, असा समज होता. गोम इथेच होती. गव्हात जस्त असते, तसेच फायटेटही असते. ते जस्ताला आतड्यात बांधून ठेवते. पीठ आंबवले की फायटेटचे विघटन होते. न आंबवलेल्या रोटीत ते बरेचसे टिकून राहते. (आपली चपातीही न आंबवलेलीच, हे वर्गात सांगायला हरकत नाही.)

प्रसाद पुढे इजिप्तला गेले. तेथील अशाच खुज्या तरुणांच्या रक्तद्रवात, तांबड्या पेशींत आणि केसांत जस्त कमी निघाले. जस्त दिल्यावर वर्षात सुमारे पाच इंच उंची वाढली. नुसते लोह देऊन एवढी वाढ झाली नाही. तरीही वाद चालू राहिला आणि अमेरिकेत जस्ताची रोजची गरज अधिकृतपणे ठरायला १९७४ साल उजाडले.

दरम्यान १९६९ मध्ये मॅक्कॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या घातक मूलकाचा नाश करणारे विकर ओळखले. त्यात तांबे आणि जस्त दोन्ही असतात. इथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. शरीरात जस्त इलेक्ट्रॉन देत नाही की घेत नाही. मग त्याच्या अभावी ऑक्सिडीकरणाचा ताण का वाढावा?

या विकरात देवघेव तांबे करते, जस्त रचना सांभाळते. इतरत्रही जस्ताचे काम असेच पडद्याआडचे आहे. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना ते झाकते. मूलके तयार करण्यास मदत करणाऱ्या लोह व तांब्याला ते पेशीपटलावर जागा मिळू देत नाही. मेटॅलोथायोनिन हे मूलके टिपणारे प्रथिनही पेशी जस्तामुळे अधिक बनवतात. जस्त घटले की या तिन्ही गोष्टी एकदम ढिल्या पडतात आणि मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा होते.

प्रसाद यांच्याच गटाने २००७ मध्ये ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रोज ४५ मिलिग्रॅम जस्त वर्षभर घेणाऱ्यांच्या रक्तात ऑक्सिडीकरणाच्या खुणा घटल्या, जंतुसंसर्गही कमी झाले. संख्या लहान आहे, हे मात्र विसरू नये. शिवाय जस्ताचा अतिरेक तांब्याचे शोषण अडवतो, म्हणजे त्याच विकराचा दुसरा हात तोडतो. म्हणूनच डोळ्यांच्या विकारावरील एका मोठ्या अमेरिकन चाचणीत (२००१) रोजच्या ८० मिलिग्रॅम जस्ताबरोबर २ मिलिग्रॅम तांबेही दिले होते.