हिमलोट (हिमालयातील)

पर्वताच्या उतारावर साचलेले हिम नव्या हिमाच्या वा माणसाच्या भाराने आधार सुटून एकाएकी कोसळते, त्यास हिमलोट अथवा हिमस्खलन म्हणतात. सैल हिम एका बिंदूपासून सुटून रुंदावत जाते, तो प्रकार बहुधा सौम्य असतो. परंतु घट्ट जमलेला वरचा थर खालच्या दुर्बल थरावरून अख्खाच्या अख्खा निसटतो, तेव्हा प्राणहानी होते. असे लोट बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, कारण याहून तीव्र कड्यावर हिम फारसे साचतच नाही.

पीर पंजालचा मुलूख तुलनेने उबदार व विपुल हिमवर्षावाचा असल्याने तेथील लोट बहुधा वादळातच किंवा त्यानंतर लगोलग सुटतात. काराकोरमकडे मात्र हिम थोडके व थंडी कडाक्याची. हिमाचा तळ आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातील तफावतीमुळे तळाशी मोठे, कोनदार, परस्परांना न चिकटणारे कण तयार होतात, आणि खड्डा खणून बोट फिरवले असता ते जाड साखरेसारखे घरंगळतात. हा दोष आठवडेच्या आठवडे टिकून राहत असल्याने निरभ्र आकाशाच्या भरवशावर निघालेल्या प्रवाशास तोच अधिक दगा देतो.

मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात हिमलोटांनी दोनशेहून अधिक माणसे दगावली. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गनजीक खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक मृत्युमुखी पडले. हिमाच्या अभ्यासासाठी मनाली येथे १९६९ साली संरक्षण खात्याची संस्था स्थापन झाली. आज तिचे काम चंदिगडच्या संस्थेकडे असून तेथून हिमलोटाचे इशारे प्रसृत होतात. इशारा मात्र प्रदेशापुरता असतो. समोरच्या उताराचा निवाडा प्रवाशानेच करावयाचा असतो, आणि बळी पडलेल्या प्रवाशांपैकी बहुसंख्यांचा लोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या पावलानेच सुटलेला असतो.

पाऊल टाकताच खोल, दबका ‘धप्प’ असा आवाज येऊन हिमात भेग धावली, तर तत्क्षणी मागे फिरावे. मोठ्या हिमवर्षावानंतर निदान एक-दोन दिवस थांबावे, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस हिम अधिक साचते हे ध्यानी ठेवावे, आणि संशयित उतार एकेकट्याने ओलांडावा. सह्याद्रीत मुरलेल्या भटक्यास नळीची वाट स्वाभाविक वाटते. हिमप्रदेशात तीच घळ लोटाचा राजमार्ग ठरते, म्हणून तेथे धारेवरून किंवा सोंडेवरून जाणे इष्ट.

गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास दहांपैकी सुमारे नऊ वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. बाहेरची मदत इतक्या अवकाशात पोहोचणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने तुकडीतील प्रत्येकाजवळ असावीत व ती वापरण्याचा सराव निघण्यापूर्वीच झालेला असावा. विरळा अपवाद म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनवर गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, परंतु ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.