दुसऱ्या पसंतीने ठरलेला राष्ट्रपती

दर्यापूरचा आमदार निवडताना हिशेब सोपा असतो. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो आमदार. निम्म्याहून अधिक मतदारांनी त्याला नाकारलेलं असलं, तरी चालतं. पण तोच आमदार राष्ट्रपती निवडायला जातो तेव्हा नियम बदलतो. मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे: १, २, ३. आज महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ आहे. आणि जिंकायला एकूण वैध मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त लागतं.

पहिल्या फेरीत कुणीच तिथवर पोचलं नाही, असं आजवर एकदाच घडलं.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उभं केलं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उतरले. तिसरे होते चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. या पक्षांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा त्यांच्याशी बोलले. इंदिरा गांधींच्या गटाने नेमकं तेच धरलं आणि स्वपक्षाच्या उमेदवाराविरुद्ध ‘सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या’ अशी हाक दिली.

२० ऑगस्टला मोजणी झाली. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. हवी होती ४,१८,१६९. गिरी पुढे होते, पण १६,६५४ ने कमी.

मग तळातले उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे गेल्या. रेड्डींना ९१,८७९ ची भर पडली, गिरींना फक्त १८,५६२ ची. तेवढी पुरली. गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

आता गंमत पाहा. देशमुख सोडून बाकी सगळ्या किरकोळ उमेदवारांची मतं मिळून ८,५०५ होती. ती सगळी गिरींकडे गेली असं धरलं, तरी उरलेली दहा हजारांवर मतं देशमुखांच्याच मतपत्रिकांतून आली. म्हणजे ज्या गठ्ठ्यावर रेड्डींची भिस्त होती, त्यातल्याच थोड्या मतांनी गिरींना राष्ट्रपतिभवनात पोचवलं. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई तेव्हा विधान परिषदेचे उपसभापती होते. पण या निवडणुकीत विधान परिषदेच्या सदस्यांना मतच नसतं. मत असलेल्यांपैकी काहींनी मात्र दुसरा आकडा लिहिलाच नाही. देशमुख बाद झाल्यावर त्यांची मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडली.