धावपट्टी क्षमता (मुंबई व नवी मुंबई)
धावपट्टीवर तासाभरात सुरक्षितपणे होऊ शकणाऱ्या उड्डाण-अवतरणांची कमाल संख्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरील ०९/२७ व १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन असूनही एका वेळी एकच चालते. मुंबईचे मूळ दुखणे हेच. उतरलेले विमान वेग फारसा न घटवता तिरक्या जलद निर्गम मार्गाने बाहेर पडले, की मागच्याला लवकर जागा मिळते. अशा काटकसरीने गर्दीच्या तासाला ४६ फेऱ्या साधल्या. विलंब वाढल्याने २०२४ मध्ये केंद्राने त्या ४४ वर आणल्या. खरा उतारा समांतर धावपट्ट्यांचाच. रायगड जिल्ह्यात, उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावर तशा दोन योजल्या आहेत. तेथील ३,७०० मीटर लांबीच्या पहिल्या धावपट्टीवरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली.