कपाटातला दिवा: लावण्यापेक्षा विझवण्याची गोष्ट

हल्ली नवे कपाट करून घेताना सुतार हमखास विचारतो, "आत सेन्सरचा दिवा बसवायचा का?" दार उघडले की लागणारा, मिटले की विझणारा. वाटतो आजचा, पण त्याचा इतिहास जुना आहे. आणि तो दिवा लावण्यापेक्षा वेळेवर विझवण्याचाच अधिक आहे.

विजेआधी कपाटात उजेड न्यायचा तर हातात मेणबत्ती किंवा कंदील घ्यावा लागे. विजेचा बल्ब आला, उघडी ज्योत गेली, पण उष्णता राहिली. जुन्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता.

अमेरिकेतल्या घरांत कपड्यांसाठी भिंतीतच छोटी खोली असते. तिथे ही अडचण मोठी. १८९६ मध्ये हार्वे हबेल यांनी साखळी ओढून लावायच्या दिव्याच्या होल्डरचे पेटंट घेतले. अंधारात बटण चाचपडणे टळले. पण साखळी पुन्हा ओढायची राहिली, की दार बंद आणि आत कपड्यांजवळ बल्ब तापतोय! म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय वीज नियमावलीत अशा जागी तारेचा उघडा बल्ब लावायला मनाई आहे. झाकलेला बल्ब छताला लावला, तरी सामानाच्या जागेपासून १२ इंच अंतर हवे.

माणूस विसरणारच, म्हणून हे काम दाराकडे दिले गेले. चौकटीत स्प्रिंगचे बटण बसवले; दार मिटले की ते दाबले जाते आणि दिवा जातो. आपल्या फ्रिजमध्येही अशी बटणे असतात. १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी काचेच्या नळीतला चुंबकी स्विच शोधला. चुंबक जवळ आला की आतल्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटतात. दाराला चुंबक लावला की झाले. पुढे शरीराच्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारे सेन्सरही आले.

बल्बच्या उष्णतेवर खरा उतारा मात्र एलईडीचा. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी दाखवला. तेजस्वी निळा यायला १९९० चे दशक उजाडले. त्यातूनच घरगुती पांढरा उजेड शक्य झाला आणि त्या निळ्या दिव्याच्या तीन संशोधकांना २०१४ चे नोबेल मिळाले. आता बॅटरीवर चालणारी छोटी पट्टीही पुरते.

आपल्या घरांत याचे मोल वेगळे आहे. वस्तू उचलताना-ठेवताना जीव पाहून घ्यावा, हे आदान-निक्षेपण समितीचे सांगणे. घडीतली कसर, कोपऱ्यातली मुंगी, फळीवरचा कोळी अंधारात कसा दिसणार? आधी उजेड, मग हात.

दिवा बसवलात तर एक कराच. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा आणि दार लावा. दिवा खरोखर विझतो का, ते समजेल. नसेल विझत, तर दाराची फट आधी दुरुस्त करून घ्या.