घरी बसलेल्यांचं मत

मतदारयादी घेऊन वस्तीत फिरलात कधी? मी फिरलोय. एका दारात म्हातारी म्हणाली, "हे तर आमच्या मालकांचं नाव. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, बाबा." यादीत माणूस जिवंतच! तवा मला स्कॉटलंड आठवलं.

१ मार्च १९७९. स्कॉटलंडचे कायदे लंडनची पार्लमेंट करायची. एडिंबरोत आपली विधानसभा हवी का, म्हणून लोकांचा कौल घेतला. हो म्हणणारे १२,३०,९३७. नाही म्हणणारे ११,५३,५०२. म्हणजे 'हो' जिंकलं. तरी विधानसभा मिळाली नाही. का?

कायद्यात एक कलम होतं. नुसतं बहुमत चालणार नाही. एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी हो म्हटलं पाहिजे, नाहीतर कायदा रद्द करण्याचा आदेश पार्लमेंटपुढे ठेवायचा. 'हो' भरलं ३२.९ टक्के. जो घरी बसला, तो आपोआप 'नाही'त जमा! मेलेल्यांची, दोनदा नोंदलेल्यांची नावं अंदाजानं वजा केली म्हणे. अंदाज कुणाचा? सरकारचाच.

लोक म्हणाले, हा सरकारचा डाव. गड्यांनो, इथं थांबा, कागद बघा. कलम आणलं जॉर्ज कनिंगहॅमनं. सत्ताधारी मजूर पक्षाचाच खासदार, स्वतः स्कॉटिश, पण निवडून आलेला लंडनमधून. २५ जानेवारी १९७८ ला सरकारचा विरोध मोडून ते मंजूर झालं. डाव खराच, पण भर सभागृहात खेळलेला.

सरकारनं लपवलं ते वेगळंच. गॅव्हिन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञानं १९७४ साली लिहून दिलं होतं, की उत्तर समुद्रातल्या तेलावर स्वतंत्र स्कॉटलंड चांगला सधन होईल. ते कागद गुप्त राहिले. लोकांना दिसले २००५ साली. मग मतदाराला संशय आला, तर त्याचं काय चुकलं?

२८ मार्च १९७९ ला ३११ विरुद्ध ३१०, एका मतानं ते सरकार पडलं. थॅचरबाईंच्या सरकारनं कायदा रद्द केला. पुढे १९९७ साली पुन्हा कौल झाला. ४० टक्क्यांची अट नव्हती. ७४.३ टक्के हो म्हणाले. १९९९ साली पार्लमेंट बसली. वीस वर्षं गेली मधे.

शाळेत अंश-छेद शिकलो आपण. आपली पोरं वरचा अंश मोजत बसतात, मतं किती पडली म्हणून. खालचा छेद कुणी ठरवला, ते कुणी विचारत नाही. नुसता संशय घेऊन भांडायला गेलात तर हाकलून देतील. कलम वाचून जा. आणि रविवारी यादी घेऊन दारोदार फिरा.