जमीन पाहणारांचें वेतन

आपल्या मालकीचें घर किंवा जमिनीचा एखादा तुकडा असला, तर त्याची पाहणी करण्यासाठीं केव्हां ना केव्हां सरकारचा माणूस आपल्या दारीं येतो. तो फीत लावतो, खुणा पाहतो, कागदावर चार आंकडे लिहितो आणि निघून जातो. त्या चार आंकड्यांवर आपला सारा, आपला कर आणि पुष्कळदां आपली मालकीसुद्धां अवलंबून असते. त्यानें काय लिहिलें हें आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. परंतु त्याला सरकार काय देतें हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आजच्या भाषणांत मी तोच प्रश्न घेणार आहें. महाराष्ट्रांत गेल्या साडेतीनशें वर्षांत जमीन पाहणाऱ्या, मोजणाऱ्या व तिची नोंद ठेवणाऱ्या माणसांना काय मिळत आलें, तें कशावर ठरलें, आणि तें चुकलें तेव्हां त्याची किंमत कोणीं मोजली, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम शिवशाहीकडे वळूं. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालीं स्वराज्यांत जमिनीची मोजणी झाली. तिची रीति सभासदानें आपल्या बखरींत नोंदविली आहे. पांच हात पांच मुठी लांबीची काठी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा. आणि एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पांच भाग करून तीन रयतेला व दोन सरकारास, असा ठराव होता. हिशेब सोपा, परंतु पीक किती आलें हें सांगणारा माणूस खरा असेल तरच तो खरा. गांवांत हें काम पूर्वापार पाटील-कुलकर्ण्यांकडे आणि परगण्यांत देशमुख-देशपांड्यांकडे असे. हीं पदें वंशपरंपरेचीं. त्यांना सरकारी खजिन्यांतून पगार नसे. इनाम जमीन आणि रयतेकडून परस्पर घ्यावयाचे हक्क व मानपान, हेंच त्यांचें वेतन. अर्थात् जो जास्त वसूल करील त्याला जास्त मिळे, आणि कुंपणच शेत खाऊं लागे. महाराजांनीं वतनें मुळापासून उपटलीं नाहींत. पण वतनदारांचे हक्क ठरवून दिले, त्यांचे वाडे-हुडे पाडले, आणि त्यांच्या डोक्यावर रोख तनखा घेणारे सुभेदार-मुजुमदार बसविले. रयतेशीं ज्याचा देण्याघेण्याचा संबंध नाहीं अशा माणसानें रयतेची जमीन पाहावी, हा त्यांतला मुद्दा होता.

पेशवाईंत महालांवर कमाविसदार नेमीत. त्याची प्राप्ति बहुधा वसुलाच्या शेंकडा चाराच्या आसपास असे. वर मानाप्रमाणें पालखी किंवा अबदागिरी. पण ही नेमणूक फुकट मिळत नसे. येणाऱ्या वसुलापोटीं कमाविसदारानें सरकारांत आगाऊ रक्कम भरावी लागे. तिला रसद म्हणत. ज्यानें कर्ज काढून रसद भरली, त्याचें लक्ष पिकाकडे राहावें कीं सावकाराच्या व्याजाकडे? थोरल्या माधवरावांच्या व नानांच्या काळीं या माणसावर फडणीस, मजमदार आदि दरकदारांची नजर असे. ते कमाविसदाराचे ताबेदार नसत, आणि त्यांच्या सहीवांचून हिशेब पुरा होत नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मात्र महाल इजाऱ्यानें देण्याची चाल पडली. जो अधिक बोली करील त्याला महाल. मग पाहणी कसली आणि प्रतवारी कसली! हिशेबांत ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ अशीं कलमें रूढ झालीं. अंतस्थ म्हणजे आंतल्या आंत पोंचविलेली रक्कम. लांचेला इतकें शांत, घरगुती नांव क्वचितच कोणी दिलें असेल.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. जुनी घडी होईल तितकी न मोडण्याचें एल्फिन्स्टनचें धोरण होतें. पण सारा किती घ्यावा हें नव्यानें ठरविणें भागच होतें. १८२८ च्या सुमारास प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यावर दख्खनच्या पाहणीचें काम सोंपविण्यांत आलें. प्रिंगल अर्थशास्त्राचा व्यासंगी. शेताच्या उत्पन्नांतून लागवडीचा सर्व खर्च वजा करावा, आणि उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असें त्याचें सूत्र. सूत्रांत खोट नव्हती. खोट होती ती सूत्रांत घालावयाच्या आंकड्यांत. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें पीक, बैलांचा खर्च, बियाणें, मजुरी, हें सर्व शेताच्या बांधावर उभें राहून लिहिणारे कारकून शेंकड्यांनीं लागले. त्यांच्यावर देखरेख नांवापुरती. ज्यानें हात ओला केला त्याची काळी जमीन बरड ठरली, आणि ज्यानें केला नाहीं त्याची बरड काळी झाली. त्यांतच धान्याचे भाव उतरले. इंदापूर तालुक्यांत शेतें पडित पडलीं, आणि कित्येक कुणबी घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेले. कारकुनाच्या खोट्या आंकड्याची किंमत इंदापूरच्या रयतेनें अशी आपल्या घरानें मोजली.

१८३५ सालीं गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर लेफ्टनंट यांनीं इंदापुरांतच नवें काम हातीं घेतलें. निव्वळ उत्पन्नाचें गहन गणित त्यांनीं सोडून दिलें. जमिनीच्या नऊ प्रती केल्या. उत्तम ती सोळा आण्यांची, अगदीं हलकी ती दोन आण्यांची. मातीचा रंग कोणता, ती किती खोल, तींत खडे किंवा वाळू आहे कीं काय, उतार किती, हें खणून पाहावयाचें, आणि एकेका दोषाला एकेक पायरी उतरावयाची. पाऊस, बाजारपेठ व भाव पाहून गांवांच्या गटाचा कमाल दर वरच्या अधिकाऱ्यानें ठरवावयाचा. एकदां ठरलेला सारा तीस वर्षें वाढवावयाचा नाहीं. तेहतीस फुटांची साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हें कोष्टक मुलांकडून घोकून घेण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें. पण ही साखळी लोकांच्या विश्वासास कां पात्र झाली, हें पाठ्यपुस्तकांत नसे. कारण असें कीं, कारकुनाच्या लहरीला या रीतींत जागाच थोडी ठेवली होती, आणि वरिष्ठांनीं स्वतः कांहीं शेतें पुन्हां मोजून व खणून त्याचें काम ताडून पाहावें असा दंडक होता. प्रिंगलचे कारकून आणि विंगेटचे कारकून एकाच समाजांतले, एकाच मोडी वळणाचे. पद्धति पालटली तसें त्यांचें काम पालटलें.

आतां या उतरंडीच्या तळाशीं चला. मोजणीचा अधिकारी गांवांत आला म्हणजे शीव कोठून कोठपर्यंत, जुना दगड कोठला, ओढ्यानें पात्र कधीं बदललें, हें त्याला कोण सांगे? महार. शिवेच्या वादांत महाराची साक्ष प्रमाण मानण्याची चाल या देशांत फार जुनी आहे. ज्याच्या शब्दावर दोन गांवांची सरहद्द ठरावी, त्याची प्राप्ति किती? वतनाचा जमिनीचा तुकडा, जो पिढीगणिक वांटण्या होऊन तळहाताएवढा उरला. आणि गांवकऱ्यांनीं सुगींत घातलें तर घातलें असें बलुतें. त्याबद्दल सरकारी टपाल पोंचविणें, सारा पोंचविणें, अंमलदाराच्या दिमतीला राहणें, असें रात्रंदिवस केव्हांही पडेल तें काम. आणि एकट्याचें नव्हे तर घरांतल्या सर्वांचें. १८७४ च्या वतन कायद्यानें ही चाकरी बांधून टाकली होती. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत त्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. बलुत्याऐवजीं ठराविक पैसा मिळावा, कामाला मर्यादा असावी, आणि ज्याला चाकरी नको त्यानें पुरा सारा भरून आपली जमीन मोकळी करून घ्यावी, असा त्याचा आशय. तें बिल त्या वेळीं पास झालें नाहीं. त्यांना तें मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द करणारा कायदा १९५९ च्या ऑगस्टांत अंमलांत आला, तेव्हां त्या गोष्टीला एकतीस वर्षें लोटलीं होतीं. नोकर सरकारचा आणि पोट गांवाच्या हातीं, अशी ही व्यवस्था होती. गांवाविरुद्ध खरें बोलावयाचें, तर सुगीच्या वेळीं उपाशी राहण्याची तयारी ठेवावयाची! प्रामाणिकपणाची याहून कठोर परीक्षा वरच्या कोणत्याही अंमलदाराला द्यावी लागली नाहीं.

कुलकर्ण्याची कथा वेगळी. दप्तर त्याच्या घरांत, अक्षरओळख त्याच्या घरांत, आणि शेतकऱ्याला वाचतां येत नाहीं. या एका गोष्टींत जें सामर्थ्य होतें, त्यापुढें ठरलेली पोटगी म्हणजे कांहींच नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत याच दुखण्यावर बोट ठेवलें आहे. १९१८ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. पद घराण्याचें होतें तें माणसाचें झालें, आणि कोणत्याही जातीच्या शिकलेल्या मुलाला तें खुलें झालें. मुंबई राज्यांत परगणा व कुलकर्णी वतनें रद्द करणारा कायदा १९५० सालीं झाला, आणि मुलकी पाटलाचें पद १९६३ च्या आरंभीं संपलें. अशा रीतीनें शिवाजी महाराजांनीं वरच्या पायरीवर लावलेला रोख तनख्याचा नियम खालच्या पायरीपर्यंत उतरण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

पगार नीट दिला म्हणजे पाहणी आपोआप नीट होते, असें मात्र कोणी समजूं नये. सुरत जिल्ह्यांतल्या बार्डोली तालुक्याचें उदाहरण घ्या. तो तेव्हां मुंबई इलाख्यांतच होता. तेथील सारा शेंकडा ३० च्या सुमारास वाढवावा अशी शिफारस एका डेप्युटी कलेक्टरानें केली. डेप्युटी कलेक्टर म्हणजे कांहीं अर्धपोटी कारकून नव्हे. सरकारनें ती वाढ शेंकडा २२ च्या आसपास आणून मंजूर केली. १९२८ सालीं वल्लभभाईंच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, आणि शेवटीं ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोघां अधिकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून चौकशी केली. जमिनीच्या खंडाचे जे आंकडे पाया म्हणून धरले होते, ते नीट तपासलेलेच नव्हते असें दिसून आलें. त्यांनीं सुचविलेली वाढ किती? शेंकडा ६.०३! पगारानें माणसाची गरज भागते. त्याला बांधावर नेऊन उभें करण्यास दुसरें कांहीं तरी लागतें.

आतां आजचें पाहूं. २०२३ सालच्या तलाठी भरतींत वेतनश्रेणी २५,५०० पासून ८१,१०० रुपयांपर्यंत होती. या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे तें नोकरीच्या वर्षांनीं भरून निघतें. दर वर्षीं सुमारें शेंकडा तीन वेतनवाढ. मूळ वेतन वेतन आयोगाच्या कोष्टकानें ठरतें. त्यावर महागाई भत्ता, तो बाजारभावांच्या निर्देशांकाप्रमाणें. आणि घरभाडें भत्ता, तो नोकरीचें गांव लहान कीं मोठें त्याप्रमाणें. पुढें खात्याची परीक्षा, मग मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार. त्यानें किती सारा वसूल केला, किती फेरफार नोंदविले, यावर त्याचा पगार मुळींच अवलंबून नाहीं. पुष्कळांना हा दोष वाटतो; काम करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला एकच माप, असें ते म्हणतात. वर सांगितलेला कमाविसदार ज्यांच्या ध्यानांत आहे, त्यांना तो दोष वाटणार नाहीं. वसुलाशीं वेतन बांधलें कीं काय होतें, याचा अनुभव या देशानें पुरेपूर घेतला आहे.

त्या भरतींत ४,६४४ जागांसाठीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागें दोनशेंहून जास्त! केवळ पगारासाठीं एवढी दाटी होते असें म्हणवत नाहीं. नोकरीची शाश्वति आणि गांवांतली प्रतिष्ठा हींही त्या वेतनाचाच भाग आहेत. आणि सात-बाराच्या उताऱ्यासाठीं हेलपाटे घालणाऱ्या माणसाला विचाराल, तर ‘अंतस्थ’ हा शब्द विसरला गेला, वस्तु नव्हे, असें तो सांगेल.

तथापि एक फरक मोठा झाला आहे. डिजिटल सहीचा सात-बारा २०१८ पासून मिळूं लागला, आणि २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानेंच आपल्या मोबाइलवरून करावी अशी योजना राज्यभर सुरू झाली. जें दप्तर एका घरांतल्या फडताळांत असे, तें आतां ज्याचें त्याला पाहतां येतें. माझ्या मतें पाहणाऱ्याच्या वेतनाचा प्रश्न येथेंच येऊन पोंचतो. त्याला पोटापुरतें व मानानें द्यावें. तें खजिन्यांतून द्यावें, रयतेच्या हातून नव्हे. तें महागाईबरोबर वाढवावें. परंतु त्यानें लिहिलेला आंकडा ज्याच्या जमिनीचा असेल त्याला वाचतां आला पाहिजे, आणि चुकला असेल तर बदलून मागतां आला पाहिजे. म्हणून तुमच्या घराची किंवा शेताची पाहणी पुढल्या वेळीं होईल, तेव्हां त्या माणसाला चहा अवश्य द्या. पण त्यानें लिहिलेला कागद वाचल्याखेरीज त्याला निरोप देऊं नका.