कडक भाकरी : बिनतेलाच्या शिदोरीची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यात भाची महिनाभर आमच्याकडे सोलापुरात राहायला होती. ती दूध, दही, तूप काहीच घेत नाही, आणि तिच्या डॉक्टरांनी तेलही तोडलेलं. सकाळी नऊला कामाला बाहेर पडायची ती रात्री आठला परत. डबा उघडला की खाता येईल असं काहीतरी तिला हवं होतं. आम्ही सात रस्त्याजवळच्या एका दुकानात गेलो. डबाबंद राजमा, छोले, तयार आमट्यांची पाकिटं उलटीपालटी करून घटक वाचले. एकात लोणी, दुसऱ्यात साय, तिसऱ्यात पाम तेल. हात हलवत घरी आलो.

घरी फडताळात पत्र्याचा डबा होता. त्यातली एक कडक भाकरी काढून तिला दिली, सोबत हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं. भाकरी चुरून वाटीत टाकत ती म्हणाली, ''मामा, यात काय काय आहे?'' म्हटलं, ज्वारी, पाणी, चिमूट मीठ. ''आणि टिकते किती?'' म्हटलं, कोरडी ठेवलीस तर महिना-दोन महिने सहज.

तिला ही दोन वेगळी उत्तरं वाटली. माझ्या मते ते एकच उत्तर आहे. कडक भाकरीत तेल नाही, म्हणूनच ती टिकते.

खाण्याची वस्तू बिघडते ती मुख्यतः दोन वाटांनी. पाणी राहिलं तर बुरशी धरते, आणि तेल हवेला लागलं तर खवटपणा येतो. कडक भाकरीतलं पाणी तव्यावर आणि विस्तवाशेजारी काढून टाकलेलं असतं. तेल मुळात घातलेलंच नसतं. ज्वारीच्या दाण्यात अंगचं तेल असतं, पण शंभर ग्रॅमला जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास. बाजरीत ते ५ ग्रॅमच्या वर जातं, म्हणून बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट लागू लागतं. उलट सोलापूरची प्रसिद्ध शेंगा चटणी घ्या. शेंगदाण्यात शंभरात चाळीस भाग तेल असतं, आणि कुटता कुटता ते सुटलं तरच चटणी झाली असं आपण म्हणतो. चवीला तिची बरोबरी नाही, पण जुनी झाली की खवटते. म्हणून शिदोरीत भाकरी आणि चटणी शेजारी-शेजारी बांधतात, एकीत दुसरी कालवून ठेवत नाहीत.

या भाकरीचं कूळ शोधायचं तर आधी दाण्यापाशी जावं लागतं. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानच्या भागात पाच हजार वर्षांपूर्वी ती शेतात आली होती, याचे पुरावे तिथल्या मातीच्या भांड्यांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांतून मिळाले आहेत. समुद्र ओलांडून ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली, की परकी होती हे कुणाला सांगूनही पटू नये. आपण तिला जोंधळा म्हणतो, कन्नडमध्ये जोळ, तेलुगूत जोन्न. सोलापूरच्या एकाच गल्लीत हे तिन्ही शब्द ऐकू येतात. जुन्या कन्नडमध्ये 'जोळवाळी' असा एक शब्द आहे. ज्याचा जोंधळा खाल्ला त्याच्यासाठी प्राण द्यायचा, असं ते ऋण. आपण मिठाला जागतो, ते जोंधळ्याला जागत. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. मीठ सगळ्या जगाचं, जोंधळा या मातीचा.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. पण काळी जमीन ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी त्या धरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी येते. मालदांडी हा इथला जुना वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात त्यातूनच निवड करून 'एम ३५-१' तयार झाला, आणि इतकी वर्षं उलटली तरी रब्बी ज्वारी म्हटलं की शेतकऱ्याच्या तोंडी मालदांडीच येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मंगळवेढ्याचं नाव निघालं की पेवाकडे वळायलाच हवं, कारण कडक भाकरीची थोरली बहीण तिथे जमिनीखाली आहे.

पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. उंचवट्याची, पाणी न झिरपणारी, घट्ट मुरमाची जागा बघायची. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली रांजणासारखं पोट. आतून कडबा आणि भुसकट लावायचं, ज्वारी भरायची, वर पुन्हा भुसकट आणि मग मातीने तोंड लिंपून टाकायचं. सीमेपलीकडे कन्नडमध्ये यालाच हगेवु म्हणतात. आत कोंडलेला प्राणवायू दाणा आणि कीड दोघं मिळून संपवतात. प्राणवायू संपला की कीड मरते, दाणा राहतो. अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिके. कडेचा थर तेवढा काळवंडे, त्याला एक उग्र आंबूस वास येई. पेवातल्या ज्वारीचा तो वास ज्यांनी घेतला आहे ते तो विसरत नाहीत.

पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. उतरलेला माणूस गुदमरून जातो. म्हणून तोंड उघडून काही वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं, तेवत राहिला तरच उतरायचं. वायूचं नाव माहीत नसलेल्या माणसांनी ही परीक्षा बसवली होती. तरीही घाई करणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत.

मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बिदरच्या बहमनी सुलतानाची धान्याची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. विठोबाने महाराचं रूप घेऊन त्या धान्याचे पैसे भरले, हा तिचा पुढचा भाग. चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाऊस दगा देतो त्या मुलखात लोकांना वाटता येईल एवढं धान्य शिल्लक होतं, कारण ते टिकवायची विद्या इथे होती.

पेवं आता बहुतेक ठिकाणी बुजली. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं मोठ्या संख्येने होती. २००५च्या कृष्णेच्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. पाणी शिरलं की पेव संपलं. शब्द मात्र भाषेत शिल्लक आहे. शिकवण्यांचं पेव फुटलं, बांधकामांचं पेव फुटलं असं आपण रोज म्हणतो, आणि ते म्हणताना जमिनीतून भळाभळा वर येणारा दाणा डोळ्यांपुढे येत नाही.

युरोपात डबाबंद अन्नाची गोष्ट याच्या कितीतरी नंतर सुरू झाली. सैन्याला टिकाऊ अन्न हवं होतं. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवायची रीत अनेक वर्षांच्या खटपटीनंतर बसवली आणि १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. अन्न टिकतं एवढंच आपेरला ठाऊक होतं. का टिकतं हे पुढे पाश्चरने दाखवलं. मंगळवेढ्याचा शेतकरी आणि पॅरिसचा आपेर दोघेही हवा कोंडत होते, कारण न कळताच. आपेरने त्यात उकळीची भर घातली, आणि म्हणून शिजलेल्या, पाणी असलेल्या घेवड्याच्या दाण्यालाही वर्षभराचं आयुष्य मिळालं. हे त्याचं मोठेपण आहेच.

आमच्याकडे दाणा हवेविना राखला आणि भाकरी पाण्याविना. भाकरीचं काम बायांनी केलं.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ गार पाण्यात मळलं तर भाकरीला चिरा जातात. म्हणून कडकडीत पाणी ओतून पीठ मळायचं. त्याने पिठातलं स्टार्च फुगतं आणि गोळा एकजीव होतो. मग परातीत कोरडं पीठ पसरून तळहाताने थापायची. रोजच्या भाकरीपेक्षा कितीतरी पातळ, पापडाच्या जवळ जाईल इतकी, तरी कडेला फाटायची नाही. हे हाताला यायला वर्षं लागतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची. नंतर फडक्याने दाबत सगळीकडून शेकायची, फुगू द्यायची नाही. शेवटचं काम चूल करते. स्वयंपाक आटोपला की वैलावर किंवा निखाऱ्यांच्या शेजारी भाकऱ्या उभ्या लावून ठेवायच्या. उरलेली ऊब रात्रभर त्यांतलं पाणी ओढून घेते. सकाळी बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजली पाहिजे.

माझं मत असं की ही भाकरी चुलीजवळ उरलेल्या भाकरीतूनच जन्मली असणार. दोन्ही वेळा चूल पेटवायला सरपण नाही, शेत लांब, मेंढरामागे आठ-आठ दिवस रानात जाणारा सांगोल्याकडचा धनगर, पंढरीच्या वाटेवरचा वारकरी. वाळलेली भाकरी टाकून न देता ती मुद्दामच वाळवावी, हे पुढचं पाऊल ज्या बाईने टाकलं तिला शास्त्र विचारायची गरज नव्हती. आणि ते इथेच घडू शकत होतं. सोलापूरची हवा भाकरी वाळवते. हीच भाकरी पावसाळ्यात कोकणात नेली तर डबा उघडल्यावर तासाभरात सादळते.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून पुढे विजयपूरकडे जा, हीच भाकरी खडक रोट्टी या नावाने भेटते. लिंगायत मठांच्या दासोहात, म्हणजे अन्नदानात, तिची खरी ताकद दिसते. कोप्पळच्या गविसिद्धेश्वर मठाच्या जत्रेला गावोगावचे भक्त घरी केलेल्या रोट्ट्या गाड्यांत भरून, वाजतगाजत आणतात; त्यांची संख्या लाखांत जाते. हे ताज्या भाकरीने कधीच साधणार नाही. आधीपासून घरोघर थापून रचून ठेवता येते म्हणून एवढ्या माणसांची पंगत उठते.

आता डाळी-कडधान्यांचं. भाचीला मुळात हवे होते डब्यातले शिजलेले दाणे, कारण भिजवायला रात्र आणि शिजवायला तास जातो. आपल्याकडे यावर उपाय पिठाचा. हुलगे निवडून मंद विस्तवावर खमंग भाजायचे, तडतडले की उतरवायचे, गार झाल्यावर दळून आणायचे. भाजण्याचं वेळखाऊ काम एकदाच होतं. मग हवं तेव्हा चार चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मिरची, मीठ घालून उकळी आणायची. दहा मिनिटांत माडगं तयार, फोडणी नाही तरी चव भरपूर. शंभर ग्रॅम हुलग्यात प्रथिनं २२ ग्रॅमच्या घरात आणि चरबी १ ग्रॅमहूनही कमी. याला वर्षानुवर्षं गरिबाचं धान्य म्हणून मागे सारलं गेलं, हा त्याच्यावर अन्याय आहे. इथली डाळींची बाजार आमटी चविष्ट खरी, पण तिला तेलाचा तवंग लागतोच. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, भज्जी तर त्या दिवशी शेतात बसून खायची, ती साठवायची नाहीच.

घरची ही भाकरी विकायला आली त्यामागे गिरण्यांचीही गोष्ट आहे. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७०च्या दशकात उभी राहिली. आज गिरण्यांची शिट्टी उरलेली नाही. गिरण्या बंद पडत गेल्या तशा अनेक घरांचा भार बायांच्या हातांवर आला. कुणी विड्या वळल्या, कुणी भाकऱ्या थापल्या. आज शहरात बचतगट आणि घरगुती उद्योग कडक भाकरीची पाकिटं करतात, ती पुण्या-मुंबईला आणि परदेशीही जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा ज्वारीचं कौतुक सगळीकडे झालं. पण जिल्ह्यात ऊस पसरत गेला, हाताने ज्वारी उपटणारी माणसं मिळेनाशी झाली, आणि दिवसाला शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे खांदे संध्याकाळी दुखतात. पाकीट स्वस्त मागताना हे ध्यानात असू द्यावं.

भाची परत गेली तेव्हा तीस भाकऱ्या आणि किलोभर हुलग्याचं पीठ घेऊन गेली. तिला सांगितलं तेच वाचकांनाही सांगतो. नवी ज्वारी बाजारात आली की भाकरी घ्या. घरी आणून प्लास्टिकमधून काढा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. सादळली तर मंद तव्यावर दोन मिनिटं शेका. आणि विकत घेताना पाकिटामागचे घटक वाचा. तिथे ज्वारी, पाणी, मीठ एवढंच असायला हवं. तेलाचं नाव दिसलं तर ते पाकीट परत ठेवा. ती सोलापूरची कडक भाकरी नाही.